पट्ट्यांवरचा माणूस

वकीलबाई येणार म्हणून धाकट्यानं ऑफिसातल्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या, तरीही घरातली माणसं दोन बाजूंनाच बसली. टेबलाच्या अलीकडे थोरला मुलगा आणि थोरली सून, पलीकडे धाकटा आणि धाकटी. आईनं दाराजवळची खुर्ची घेतली. ती कोणत्याच बाजूला नव्हती, आणि तिथून उठून जाणंही सोपं होतं.

खाली ऑफिस आणि वर घर, अशी त्यांची मांडणी मुलांच्या वडिलांच्या, मास्तरांच्या, वेळेपासूनची. मास्तर गेले, पण त्यांची ड्रायव्हिंग स्कूल दोन्ही मुलांनी चालू ठेवली होती. थोरला कागदपत्रं आणि फिया सांभाळायचा, धाकटा शिकवायचा. शिकवावं तर धाकट्यानंच. रडकुंडीला आलेल्या माणसालाही तो आठवडाभरात चौकातून गाडी काढायला लावायचा, तेही हसवत हसवत. भिंतींवर वाहतुकीच्या खुणा टांगलेल्या होत्या आणि मधल्या मोठ्या टेबलावर एक चौक रंगवलेला होता, पांढरे पट्टे, बाण, सगळं यथास्थित. त्यावर खेळण्यातल्या गाड्या सरकवून धाकटा नवशिक्यांना नियम समजावून सांगायचा.

थोरली पाठ ताठ ठेवून बसली होती. मानेच्या मागे तिनं लहानशी उशी घेतली होती. बाजूनं कोणी बोललं की ती कमरेपासून सगळीच्या सगळी त्या दिशेला वळायची. अपघाताला चार महिने होत आले होते. मानेचा पट्टा निघाला होता, दुखणं निघालं नव्हतं. ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर मान खाली घालून मेणात एकेक दात बसवण्याचं काम. आता तिला मान खाली घालता येत नव्हती, आणि घरात काहींना तेच खुपायला लागलं होतं.

वकीलबाईंनी चष्मा पुसला, फाईल उघडली. बाई पन्नाशीच्या, आवाज मऊ, पण ऐकणाऱ्याला मधे बोलावंसं वाटू नये असा.

"मागून धडकलेल्या व्हॅनच्या विमा कंपनीचं उत्तर आलंय," त्या म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं दोन गोष्टींचं आहे. एक, यांना इजा झाल्याचं दिसत नाही. दोन, आपल्या गाडीनं काही कारण नसताना रस्त्याच्या मधोमध ब्रेक मारला. म्हणजे अर्धी चूक यांचीच. वर चार पैसे देऊन मिटवायची तयारी दाखवली आहे."

"एक्स-रे तर स्वच्छ आला होता ना, ताई?" धाकटीनं विचारलं. विचारलं अगदी काळजीनं, पण आईला त्यातली टाचणी बरोब्बर टोचली.

"एक्स-रेत हाडं दिसतात," वकीलबाईंनीच उत्तर दिलं. "यांची हाडं ठीक आहेत. हाडांना धरून ठेवणारं जे मऊ असतं, स्नायू आणि बंध, ते झटक्यानं ताणले गेलेत. कपड्यातलं इलॅस्टिक सैल पडलं तर कपडा फाटलेला दिसत नाही, पण अंगावर राहतही नाही. तसं आहे हे. पहिल्या मुद्द्याचं मी बघून घेईन. फिजिओथेरपीचे कागद आहेत, लॅबच्या मालकांचं म्हणणं आहे. अडचण दुसऱ्याची आहे. ब्रेक का मारला?"

ब्रेक थोरलीनं मारला होता. शिकवणीच्या गाडीला ब्रेक दोन असतात, एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या पायाशी. त्या दिवशी आईचा नवा चष्मा आणायला तिघं गेले होते. गाडी धाकटा चालवत होता, शेजारी थोरली, मागे आई. येताना चौकाच्या अलीकडे थोरलीनं एकाएकी पाय दाबला, गाडी जागच्या जागी थांबली आणि मागून गाद्यांची व्हॅन येऊन आदळली.

"मी दाखवतो," धाकटा उठला. टेबलाशी उभा राहिला की त्याच्यात मास्तर यायचे. तोच हात पाठीमागे, तोच जरासा वाकलेला खांदा. "ही आपली गाडी. ही मागची व्हॅन. इथं सिग्नल नाही, नुसते रस्ता ओलांडायचे पट्टे. रस्ता मोकळा. आपण आपल्या वेगानं चाललोय. आणि अचानक ब्रेक." त्यानं निळी गाडी बोटानं दाबून धरली आणि मागची तिच्यावर आणून टेकवली. "वहिनींना मी दोष देत नाही. शेजारी बसलेलं माणूस घाबरतंच. म्हणून तर शिकायला येणाऱ्या बायकांच्या नवऱ्यांना मी मागे बसवतो."

कुणी हसलं नाही.

"पट्ट्यांवर माणूस होता," थोरली म्हणाली.

"कोण माणूस, वहिनी?"

"म्हातारा. राखाडी कोट. चाकांची पिशवी ओढत चालला होता."

"मला तर कोणी दिसलं नाही."

"मला वाटतं, होता."

आईच्या हातातली विणकामाची सुई थांबली. दवाखान्यात, पहिल्या दिवशी, हीच थोरली ठामपणे म्हणाली होती, माणूस होता. नुसतं होता. मग धाकट्यानं समजूत घातली की वहिनी, तुम्हाला धक्का बसलाय, आराम करा. मग डॉक्टरांनी विचारलं की डोक्याला मार लागला होता का. मग हळूहळू त्या 'होता'च्या आधी 'मला वाटतं' येऊन बसलं. आणखी चार महिन्यांनी हा माणूस उरणारच नाही, असं आईला वाटून गेलं.

"काकू," वकीलबाई तिच्याकडे वळल्या, "तुम्ही मागे होतात. तुम्ही काय पाहिलंत?"

हा प्रश्न आईला आजवर कोणी विचारला नव्हता. पोलीस आले तेव्हा धाकटाच बोलला. विमा कंपनीचा माणूस आला तेव्हाही धाकटाच बोलला. ती आपली म्हातारी, मागच्या सीटवरची. कोणी विचारत नाही तोवर सांगायचा प्रश्न नव्हता, आणि त्या आडोशाला ती इतके दिवस बसली होती.

"माझं लक्ष विणकामात होतं," ती म्हणाली.

थोरली कमरेपासून वळली. तिनं सासूकडे पाहिलं, तिच्या मांडीवरच्या लोकरीकडे पाहिलं. त्या दिवशी विणकाम घरीच राहिलं होतं, हे तिला ठाऊक होतं. ती पुन्हा सरळ झाली आणि समोरच्या भिंतीवरच्या 'वेग कमी करा'कडे बघत राहिली.

थोरल्यानं घसा साफ केला. त्याला भांडण सहन व्हायचं नाही, लहानपणापासून. "मी काय म्हणतो, देतायत ते घेऊन टाकावं. कोर्टकचेऱ्या कशाला? उद्या स्कूलच्या नावाची चर्चा झाली तर येणारी माणसंही येणार नाहीत."

"आणि अर्धी चूक माझी, असं लिहून द्यायचं?" थोरलीनं त्याच्याकडे न वळता विचारलं.

"कागदावर गं. नुसतं कागदावर."

"सही माझी असते त्यावर."

बायकोच्या बाजूला बसून तो समोरच्या बाजूचं बोलला होता, हे थोरल्याच्याही लक्षात आलं असावं. त्यानं खुर्ची उगाच थोडी मागे सरकवली. आता त्या बाजूला थोरली एकटीच उरली.

"एवढंच विचारते," वकीलबाई धाकट्याला म्हणाल्या, "तुमचं लक्ष समोर होतं ना?"

उत्तर धाकटीनं दिलं. नवऱ्यावर शंका घेतलेली तिला सोसवली नाही. "त्यांचं लक्ष नव्हतं असं कसं म्हणता? चौफेर लक्ष असतं त्यांचं. चौकात ती दुसरी ड्रायव्हिंग स्कूल निघाली ना, तिचा बोर्डसुद्धा सगळ्यांच्या आधी त्यांनीच वाचला. दर किती, सवलत किती, सगळं. त्याच दिवशी तर घरी येऊन सांगितलं."

बोलून झाल्यावर तिला आपलं बोलणं ऐकू आलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. धाकटा निळ्या गाडीवर बोट ठेवून तसाच उभा होता.

वकीलबाईंनी तो धागा ओढला नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मला बुधवारपर्यंत कंपनीला कळवायचं आहे. तुम्ही घरची माणसं आहात, बोलून घ्या. एक सांगून ठेवते. ब्रेकला कारण होतं, असं कोणी सांगणारं मिळालं तर ही केस सरळ आहे. पण मग चालवणाऱ्याचं लक्ष कुठं होतं, हेही नोंदीत येईल. शिकवण्याच्या परवान्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. ते माझ्या हातात नाही."

त्या गेल्यावर थोरली वर गेली, पाठोपाठ थोरला. धाकटीनं कप गोळा केले, ते एकमेकांवर जरा जास्तच वाजले. धाकटा मागच्या अंगणात गाडी धुवायला गेला. रविवारी तो गाडी धुवायचाच, पण आज त्यानं पाणी सुरू केलं आणि फडकं आतच विसरला.

आई फडकं घेऊन गेली.

त्यानं ते न बघता घेतलं आणि काच पुसायला लागला. ऊन कलायला लागलं होतं. गाडीचा मागचा बंपर नवा बसवलेला, बाकीच्या रंगापेक्षा अंमळ उजळ. आई पायरीवर बसली. या गाडीच्या, आणि तिच्या आधीच्या दोन गाड्यांच्या, मागच्या सीटवर तिच्या आयुष्याचा मोठा भाग गेला होता. मास्तरांकडे बायका शिकायला यायच्या, तेव्हा त्यांच्या घरच्यांना गाडीत आणखी एक बाई असलेली बरी वाटायची. म्हणून आई मागे बसायची. समोरच्या दोन डोक्यांच्या मधून जेवढा रस्ता दिसतो तेवढा रस्ता ती बघत आली होती.

"बोर्ड वाचत होतास तू," ती म्हणाली.

"आई, आता तू पण?"

"पिवळी अक्षरं होती. तुझे ओठ हलत होते. वाचताना हलतात तुझे, शाळेत असल्यापासून."

धाकट्याचा हात काचेवर मंदावला. "बघितलं असेल. क्षणभर बघितलं म्हणून काय झालं? रस्ता मोकळा होता."

"नव्हता मोकळा."

तो वळला. आईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. हा तिचा लाडका, हे साऱ्या घराला माहीत होतं आणि थोरल्यानंही कधी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. हसला की मास्तर, रुसला की ती स्वतः. आत्ता तो दोघांपैकी कोणासारखाच दिसत नव्हता.

"तो माणूस होता?" त्यानं विचारलं.

"होता."

"मग आत तू म्हणालीस की विणकाम…"

"खोटं बोलले."

नळाचं पाणी बादलीतून वाहायला लागलं होतं. धाकट्यानं जाऊन नळ बंद केला आणि तिथंच उभा राहिला. "मी खोटं बोलत नव्हतो, आई. मला खरंच दिसला नाही. शपथेवर सांगतो."

"ठाऊक आहे मला. तेच तर अवघड झालं. तू खोटं बोलत असतास तर पहिल्याच दिवशी तुझा कान धरला असता. पण तू मनापासून सांगत होतास, सगळे ऐकत होते, आणि मला वाटलं, व्हॅनवाल्याची चूक आहेच, विमा कंपनी पैसे देईल, थोरलीची मान बरी होईल आणि तुझा परवानाही राहील. सगळ्यांचं सगळं राहील." ती थांबली. "तिचं काही राहिलं नाही रे. आज ती 'मला वाटतं' म्हणाली, ऐकलंस ना? स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेलाय तिचा. तो आपण घालवला. तू बोलून आणि मी न बोलून."

धाकट्यानं हळू विचारलं, "कुठपर्यंत आला होता?"

"गाडीपुढेच होता. ब्रेक लागला तेव्हा त्यानं बॉनेटवर हात टेकला. मग घाबरून मागे सरला. तो मागे सरला आणि व्हॅन आदळली. गाडी पुढे गेली ती तो उभा होता त्या जागेवरून."

"मी मागे बघत होतो. तुला लागलं का ते."

"हो. आणि मग उतरून व्हॅनवाल्याशी भांडायला गेलास."

"त्याच्याही आधी वहिनींवर ओरडलो," धाकटा म्हणाला. "ब्रेक लागला तेव्हा. काय करताय, म्हणून ओरडलो. माझा पाय ब्रेकवर नव्हताच, आई. मी तर वेग…" त्यानं वाक्य सोडून दिलं. रोज नवशिक्यांना तो हेच सांगायचा, की नजर हलली की गाडी किती पुढे जाते. त्यानं बॉनेटकडे पाहिलं. ओल्या पत्र्यावर काहीच नव्हतं, आभाळ तेवढं दिसत होतं. तो गाडीला टेकला आणि हळूहळू खाली बसला, ओल्या जमिनीवर, चाकाला पाठ लावून.

"मेला असता तो," तो म्हणाला.

आईनं त्याचं सांत्वन केलं नाही. तिला करावंसं वाटलं, हात उचलला गेला होता, पण तिनं तो मांडीवर ठेवला. हे त्याचं त्याला कळू द्यायला हवं होतं, आणि ते कळायला चार महिने उशीर झाला होता तो तिच्यामुळे.

"बुधवारी मी वकीलबाईंकडे जाणार आहे," ती म्हणाली. "पाहिलं ते सांगणार आहे. तुला आधी सांगावं म्हणून आले."

"मी येतो तुझ्याबरोबर."

"तुझा परवाना?"

"मी येतो, म्हटलं ना."

पुढे जे व्हायचं ते झालं, आणि ते काही अगदीच वाईट झालं नाही. परवाना देणाऱ्या कार्यालयानं धाकट्याचं शिकवणं काही काळ थांबवलं आणि त्याला पुन्हा परीक्षा द्यायला लावली. ज्या रांगेपाशी उभा राहून तो शिकाऊ मुलांना धीर द्यायचा त्याच रांगेत तो उभा राहिला, आणि त्याचेच दोन विद्यार्थी त्याला धीर देऊन गेले. तेवढ्या काळात शिकवायला थोरला बसला. त्याच्या शेजारी बसून गाडी चालवणं म्हणजे शिक्षा, असं लोक म्हणायचे, कारण तो स्वतःच जास्त घाबरायचा. काही माणसं पिवळ्या बोर्डाकडे गेली. विमा कंपनीनं बराच घोळ घातला, आपल्या डॉक्टरांकडून थोरलीची मान तपासून घेतली, आईला तिच्या चष्म्याचा नंबर विचारला. शेवटी मागितलं होतं त्याहून कमी आणि देत होते त्याहून बरंच जास्त दिलं, आणि चुकीतला थोरलीचा वाटा कागदावरून काढून टाकला. धाकटी सासूशी महिनाभर कामापुरतं बोलली. तिला राग कोणाचा आला होता, सासूचा की स्वतःच्या जिभेचा, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. थोरली अर्धा दिवस लॅबमध्ये जायला लागली. मान पूर्ण बरी झाली नाही. थंडीत अजून धरते.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी, ऊन उतरल्यावर, धाकटा ओल्या कपड्यांनीच उठला आणि कोणाला काही न सांगता जिना चढून गेला. आई त्याच्या मागे निघाली. तिचे गुडघे जिन्याशी जपून वागायचे, त्यामुळे ती पोचेपर्यंत तो थोरल्याच्या खोलीच्या दाराशी उभा होता.

थोरली जमिनीवर उताणी पडली होती, मानेखाली टॉवेलची गुंडाळी. फिजिओथेरपीचा व्यायाम होता तो. थोरला खिडकीशी पाठमोरा बसला होता. दोघांचं बोलणं झालं नव्हतं, हे खोलीतल्या हवेवरूनच कळत होतं.

"वहिनी," धाकटा म्हणाला, "तो माणूस होता."

थोरलीनं डोळे छताकडून हलवले नाहीत.

"मला दिसला नाही, कारण मी बघतच नव्हतो. पण होता. आईनं पाहिलाय. राखाडी कोट. तुम्ही ब्रेक मारला नसता तर…" त्यानं दाराची चौकट धरली. "मी सांगणार आहे तसं. बुधवारी. लिहून देणार आहे."

थोरला उठून उभा राहिला. त्यानं भावाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मग तो बायकोशेजारी जमिनीवर जाऊन बसला. तिच्याशी काय बोलावं ते त्याला सुचलं नाही, पण बसला तो तिच्या बाजूला.

थोरलीच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी निघालं आणि उताणी असल्यामुळे सरळ कानांकडे गेलं. तिनं ते पुसलं नाही. "होता ना," ती म्हणाली. मग पुन्हा, स्वतःशीच, "होता."

आई दारातून आत आली. काय बोलायचं ते तिनं जिना चढताना ठरवलं होतं, पण आता त्यातलं काही कामाचं वाटेना.

"आई," थोरलीनं विचारलं, "त्याला लागलं का हो? माझे डोळे मिटले गेले. त्यानंतरचं मला काही आठवत नाही."

आई तिच्या उशाशी कशीबशी खाली बसली. "नाही लागलं. पिशवी आडवी झाली होती, ती त्यानं उभी केली. गाडीजवळ आला, काचेतून आत डोकावला. तुझ्याकडे बघून त्यानं हात जोडले. बराच वेळ उभा होता तसा. तू डोळे उघडशील म्हणून वाट बघत होता बहुतेक. मग माणसं जमायला लागली आणि तो गेला."

थोरलीनं हात लांब केला, आणि आईनं तो दोन्ही हातांत घेतला.

"तुला सांगायचं होतं ते," आई म्हणाली. "तुझं होतं ते. माझ्याकडेच राहिलं."